घरकुल हवं, पण आपल्या शेजारी नको?

(राजूर येथील बैठकीतील भाषण)



आज वनखात्याविरुद्ध बोलणार नाही, कचेरीविरुद्धही नाही. आज आपल्याच गावाशी बोलायचं आहे.

घरकुलाच्या यादीत नाव येतं. पंतप्रधान आवास असो की शबरी, साधारण 1 लाख 20 हजार रुपये, 269 चौरस फुटांचं घर. पण ते बांधायचं कशावर? ज्या ठाकर-कातकरी कुटुंबाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचं घरकुल कागदावरच राहतं. जागा विकत घ्यायला सरकार आधी 50 हजार द्यायचं, आता 1 लाखापर्यंत देतं, तेही 500 चौरस फुटांसाठी. राजूरच्या बाजारपेठेजवळ तेवढ्यात काय मिळतं?

मग उरतं गायरान. त्यातला तुकडा गावठाणात घेऊन तिथं दाटीनं पंचवीस-तीस घरं बसवू म्हटलं की कुजबुज सुरू होते. गुरं कुठं चारायची? पाणी पुरंल का? आणि मग हळूच, "ती लोकं जवळ नकोत."

चाऱ्याचा आणि पाण्याचा प्रश्न खरा आहे. मोजणी करा, गुरांची वाट मोकळी सोडा, कमी चाऱ्याचा तुकडा निवडा. नळ आणि रस्ता त्याच ठरावात मागा. पण "ती लोकं नकोत" हे आपल्या तोंडी शोभत नाही. भंडारदरा, निळवंडे, दोन्ही धरणांनी आपलीच माणसं उठवली. पाणी खाली गेलं, माणसं डोंगराच्या कडेला राहिली. "हे कुठले आले?" हे ऐकणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आज थोडीबहुत जमीन असलेल्या आपणच ते भूमिहीनाला ऐकवायचं?

कुणी म्हणतं, सुप्रीम कोर्टानं गायरानाला हात लावू नका म्हटलंय. 28 जानेवारी 2011 चा तो निकाल अतिक्रमणाविरुद्ध आहे, हे खरं. पण भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर दिलेल्या जागेसाठी त्यातच अपवाद ठेवलेला आहे. म्हणून रातोरात खोपट टाकू नका, कागद करा. जमीन महसूल कायद्याच्या कलम 122 प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरचा आहे. त्याच्यापुढं ग्रामसभेचा ठराव जाऊ द्या. पेसानं आपल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिलं, ते गरिबाचं घर अडवायला नव्हे.

विरोध करायचाच, तर दोन ठिकाणी करा. गरिबाचं नाव पुढं करून कुणी पुढारी गायरानात दुकानगाळे काढत असेल, तिथं आडवे व्हा. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. आणि वस्ती गावापासून तोडून ओढ्यापलीकडच्या माळावर टाकत असतील, तिथंही आडवे व्हा. शाळा, रेशन, दवाखाना पायी गाठता येत नसेल तर ते घरकुल आठ महिन्यांत ओस पडंल.

मोर्च्यात आपण ओरडतो, जमीन आमच्या हक्काची. त्या "आमच्या"त बिनजमिनीचा शेजारी नसेल, तर ती घोषणा नुसती सातबारावाल्यांची झाली. येत्या ग्रामसभेत घरकुलाच्या जागेचा विषय घ्या, भूमिहीन बायांना पुढं बसवा, आणि हात वर करताना त्यांच्याकडं बघून करा.

जिंदाबाद!