एक तोळ्याची गोळी
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या बैठकीत एका भावाने उभे राहून विचारले, "साहेब, रोही वेगळं, डुक्कर वेगळं. दोघांवर चालंल अशी एकच गोळी कोणती, तेवढं सांगा." मंडपात हशा पिकला. मला काही हसू आले नाही. ज्याची ज्वारी हुरड्यात आलेली असताना एका रात्रीत लोळवली गेली, तो माणूस हा प्रश्न चेष्टेने विचारत नाही. अनेक गावांत लोकांनी ज्वारी पेरायचीच सोडली, ती का सोडली हे तुम्हाला सांगायला नको.

मी शेतकीचा पदवीधर. बंदुकीचा माझा धंदा नाही. पण हा प्रश्न जगातल्या शिकाऱ्यांनी शंभर वर्षे विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही शोधलेले आहे. ते मी वाचले, जाणकारांना विचारले. ते आज तुमच्यापुढे मांडतो. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे ऐकून कोणी आज रात्री बंदूक काढायची नाही. का, ते शेवटी सांगतो.

अमेरिकेचे उत्तर

अमेरिकेत एकाच शिकाऱ्याला तीन-चार तऱ्हेची जनावरे मारायची असतात. हरीण साठ-सत्तर किलोचे, एल्क तीनशे किलोचे, मूस तर पाचशेच्या घरात जाते. प्रत्येकासाठी वेगळी रायफल घ्यायची तर घर विकावे लागेल. म्हणून बहुतेकांनी एक रायफल ठरवली, पॉइंट तीस-शून्य सहा. हे काडतूस मुळात लष्कराचे, १९०६ सालचे. त्यात जी गोळी सर्व कामांसाठी चालते असे मानले गेले, तिचे वजन १८० ग्रेन. आपल्या सोनाराच्या भाषेत सांगतो. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे अमेरिकेचे उत्तर आहे एक तोळ्याची गोळी, सेकंदाला आठशे मीटरच्या वेगाने.

पण वजन कळले म्हणजे काम झाले असे नाही. गोळीला दोन कामे करावी लागतात, आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. अंगात शिरल्यावर तिने फुलले पाहिजे, तरच मोठी जखम होऊन जनावर लवकर मरते. आणि तिने खोलही गेले पाहिजे, तरच ती काळीज-फुप्फुसापर्यंत पोहोचते. गोळी आत शिशाची, वरून तांब्याचे पातळ कवच. कवच पातळ ठेवले तर गोळी लवकर फुलते. ती हरणाला चालते, पण मोठ्या जनावराच्या खांद्यातच फुटून जाते. कवच जाड ठेवले तर ती खोल जाते, पण लहान जनावरातून दाभण गेल्यासारखी आरपार होते आणि जनावर मैलभर पळून मरते.

१९४६ साली ओरेगनचा जॉन नॉस्लर नावाचा माणूस कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. गोळ्या वरच्या वरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. हा माणूस नशिबाला दोष देत बसला नाही. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. भिंतीपुढचे शिसे फुलते आणि मागचे शिसे जसेच्या तसे राहून पुढे ढकलत नेते. १९४८ मध्ये त्याने ती गोळी विकायला काढली. एकाच गोळीकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हा मार्ग आजही चालू आहे.

चिखलाची गोष्ट आपल्याला नवी नाही. आपले रानडुक्करही चिखलात लोळते. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट ढालीसारखा थर असतो. त्यावर हलकी गोळी काय करील, हे तुम्हीच ओळखा.

निवडीचा नियम

मग एकच गोळी निवडायची तर कशाच्या हिशोबाने? जाणकारांचा नियम साधा आहे. ज्यांच्यावर बंदूक चालवायची, त्यांतले सर्वांत मोठे आणि दणकट जनावर धरून गोळी निवडा. ती लहानाला चालून जाते, थोडे मांस वाया जाते इतकेच. लहानाच्या हिशोबाने घेतलेली गोळी मोठ्याला फक्त जखमी करते. एकच गोळी ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. रायफलीची नेम-पट्टी एका गोळीवर बसवलेली असते. गोळी बदलली की मार वर-खाली होतो. रात्रीच्या घाईत खिशातून चुकीचे काडतूस निघण्याचा धोकाही राहत नाही.

आपल्याकडे सर्वांत मोठे कोण? रोही. नर दोनशे किलोच्या वर जातो. गंमत पाहा, हे आपले रोही गेल्या शतकात अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका मोठ्या रँचवर सोडले गेले, आणि आता तिथे त्यांचे कळप आहेत. तिथले शिकारी सांगतात की हे जनावर मरायला फार चिवट. हरणाची गोळी याच्यावर वापरू नका.

कोणी म्हणेल, नेम चांगला असेल तर लहान गोळीही चालते. खरे आहे. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले. जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तशाच हलक्या रायफलीने मारला. पण बेलला हत्तीचे अंतरंग तोंडपाठ होते, आणि कॉर्बेट हा कॉर्बेट होता. त्यांच्या हिशोबाने नियम करता येत नाहीत. म्हणून आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोक्याच्या जनावरांसाठी किमान बोरची अट कायद्यात घातली. स्वीडनमध्ये मूस मारायचा तर दहा ग्रॅमच्या गोळीत शंभर मीटरवर किमान २००० ज्यूल जोर हवा, असा नियम आहे. शिवाय माणसाला शिकारीची परीक्षा द्यावी लागते.

आपल्या हातात काय आहे?

आता आपल्या घरात या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी कोणती बंदूक सांगितली आहे? ठासणीची! ज्याच्याकडे बारा बोरची असेल तो नशीबवान. तिच्यातल्या मोठ्यात मोठ्या छऱ्याचे वजन अर्ध्या तोळ्याच्या आत, आणि गोल छऱ्याचा वेग चाळीस पावलांत घसरतो. अमेरिकेतला माणूस ज्या जनावरासाठी एक तोळ्याची गोळी कमी की जास्त यावर वाद घालतो, त्याच्यापुढे आपण ठासणी घेऊन उभे!

आमच्या भागात एका शेतकऱ्याने असाच छऱ्याचा बार डुकरावर टाकला. डुक्कर पऱ्हाटीत शिरले. सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईवर ते उठले आणि तिची मांडी फाडली. ती बाई वाचली, पण दोन हंगाम मजुरीला जाऊ शकली नाही. त्या गोळीची किंमत कोणी भरली? गोळी टाकणाऱ्याने नाही, सरकारनेही नाही.

आणि कायदा? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली अधिकारी देऊ शकतो. परवानगीशिवाय बार काढला तर तो गुन्हा. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता, त्याच्या मांसाला हात लावायचा नाही.

२०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला सरकारने तरबेज नेमबाज बोलावून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या. देशभर ओरड झाली, तरी तिथे काम जाणत्याच्या हाती होते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. म्हणजे वाट निघते, काढायची ठरवली तर.

एकच उपाय, सगळ्या रोगांवर

मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा बीटी कपाशी नुकतीच आली होती. २००२ ची गोष्ट. मीही सभांतून सांगत फिरलो, आता बोंडअळी गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडे आतून पोखरली, आणि मला ते शब्द गिळावे लागले. एकाच उपायाचा मोह कोणाला होत नाही? उपाय वाईट नव्हता. तो कशावर चालतो आणि कुठे थांबतो हे आम्ही विचारले नाही, ती आमची चूक.

म्हणून त्या भावाला माझे उत्तर असे. रोही आणि डुक्कर दोघांवर चालणारी गोळी आहे. एक तोळ्याची, न फुटता खोल जाणारी, रायफलीची, शिकलेल्या हाताची. ती तुमच्या-माझ्या घरात नाही, आणि ठासणीने तिची जागा भरून निघत नाही. कुंपणाला वीज सोडूनही भरत नाही. त्या तारेला चिकटून आपलीच माणसे मेली आहेत.

तेव्हा मागायचे ते हे. नुकसान दिसले की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनामा मागा. परवानगीचे उत्तर किती दिवसांत मिळेल ते कागदावर मागा. कापूस घरी आल्यावर मिळालेली परवानगी काय कामाची? आणि बार काढायचाच असेल तर तो सरकारने नेमलेल्या, नेम सिद्ध केलेल्या माणसाने, योग्य रायफलीने काढावा, त्याचा खर्च शेतकऱ्यावर नको. आपल्या शेतात जखमी जनावर सोडून जाणारा नेमबाज आपल्याला नको, तसेच कागद दाबून ठेवणारा साहेबही नको.

अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने एक घेऊन जा, आणि शेजाऱ्यासाठी दुसरा.