विज्ञानाचा बागुलबुवा आणि प्रशासकीय सेवेची परीक्षा

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



व्यापारी कुटुंबातील मुले-मुली बहुधा वाणिज्य शाखेकडे वळतात. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक मिटते ते पुन्हा उघडले जात नाही. पुढे पदवी हाती येते, प्रशासकीय सेवेत जाण्याची उमेद जागी होते आणि अभ्यासक्रमात ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ हे शब्द दिसताच पाय अडखळतात. अर्थव्यवस्था समजते, राज्यघटनाही समजते. पण उपग्रह आणि जनुके यांचे काय करावे, हे उमगत नाही. मग अनेक गुणी विद्यार्थी हा भाग सरळ ऑप्शनला टाकतात. जिथे एकेका गुणावर निवड अवलंबून असते, तिथे हा सौदा फार महाग पडतो.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्ये १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या एक-तृतीयांश गुण वजा होतात. मुख्य परीक्षेत २०१३ पासून सामान्य अध्ययनाचे प्रत्येकी २५० गुणांचे चार पेपर आहेत. त्यांपैकी तिसऱ्या पेपरमध्ये हा विषय येतो. आयोगाने तेथे वापरलेले शब्द नीट वाचावेत. दैनंदिन जीवनातील उपयोग व परिणाम, भारतीयांची कामगिरी, स्वदेशी तंत्रज्ञान, अवकाश, संगणक, जैवतंत्रज्ञान आणि बौद्धिक संपदा असा तो पट आहे. प्रयोगशाळेतील समीकरणे तेथे कोणी विचारीत नाही. तंत्रज्ञान समाजाच्या कामी कसे येते आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहतात, हे भावी अधिकाऱ्याला उमजते की नाही, एवढेच तेथे पारखले जाते.

ठाण उलगडल्याशिवाय कापडाचा पोत कळत नाही, तसेच या विषयाचे आहे. कपाशीचेच उदाहरण घ्यावे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्याने झाड स्वतःच बोंडअळीला घातक असे प्रथिन तयार करते. एवढे समजले की जैवतंत्रज्ञानाची पायरी चढली. पण पुढे गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला प्रतिकारशक्ती मिळविली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती का मिळाली, परवानगी देणारी समिती कोणत्या मंत्रालयाखाली येते, बियाण्याच्या किमतीचे काय, असे प्रश्न ओघानेच येतात. एका कपाशीच्या बोंडातून विज्ञान, शेती, पर्यावरण आणि कायदा असे चार धागे निघतात.

दुसरे उदाहरण हळदीचे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या लिखाणाचे पुरावे देऊन त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘नावीन्य नसेल तर पेटंट नाही’ हे तत्त्व या एका प्रसंगातून कायमचे लक्षात राहते. घराघरातील आजीबाईच्या बटव्याचा संबंध बौद्धिक संपदेशी असा थेट येतो.

तीच गोष्ट अवकाश मोहिमांची. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले, ही तारीख सर्वांनाच पाठ असते. दक्षिण ध्रुवाजवळचाच प्रदेश का निवडला, हे सांगता आले पाहिजे. तेथील कायम सावलीतील विवरांत बर्फ असण्याची शक्यता आहे, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण. आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर का ठेवले? कारण तेथून ग्रहणाचा अडथळा न येता सूर्य अखंड पाहता येतो. ‘काय’ लक्षात ठेवणारे पुष्कळ असतात; ‘का’ जाणणारे थोडे असतात.

अभ्यासाची रीत साधी असावी. सहावी ते दहावीची विज्ञानाची शालेय पुस्तके दोनदा वाचावीत. जाडजूड ठोकळ्यांची रास रचू नये. रोज एका चांगल्या वृत्तपत्रातील विज्ञानविषयक बातमी निवडून वहीचे एक पान लिहावे. हे काय आहे, कसे चालते, उपयोग काय, धोका काय आणि भारताचे स्थान काय, एवढे पाच प्रश्न त्यासाठी पुरेत. आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका हा तर खरा गुरू होय. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. मात्र पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत जाणून घ्याव्यात.

पालकांनाही एक विनंती आहे. खुल्या प्रवर्गात या परीक्षेसाठी सहा संधी आणि ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. ही वर्षे मुलाच्या ऐन उमेदीची असतात. अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ‘अजून किती दिवस?’ असे रोज विचारून निकाल लवकर लागत नाही. त्यापेक्षा आरंभीच घरात बसून किती प्रयत्न करायचे आणि यश न आल्यास पुढची वाट कोणती, हे मोकळेपणाने ठरवावे. तो निर्णय झाला की अपयशाची लाज उरत नाही आणि मनावरचे अर्धे ओझे उतरते. यादीत नाव न आलेला मुलगा किंवा मुलगी परतेल, तेव्हा दार उघडे असावे.

विद्यार्थी मित्रहो, ज्या विषयाची भीती वाटते त्याच विषयाने उद्यापासून दिवसाची सुरुवात करावी. रोज एक पान लिहिले तरी वर्षाअखेर ३६५ पाने होतात. आपल्या प्रयत्नांना यश लाभो, ही शुभेच्छा.