पटावरून कमी केलेले नाव
(इगतपुरी येथील वसंत व्याख्यानमालेत 25 मे रोजी दिलेले व्याख्यान)



1979 साली आजच्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये 6 वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसकडे चालत निघाला आणि घरी परतला नाही. त्याच्या आठवणीत 25 मे हा बेपत्ता बालकांचा दिवस म्हणून जगभर पाळतात. मी मात्र आज तुम्हाला आपल्याच तालुक्यातल्या उभाडे गावी नेणार आहे.

ऑगस्ट 2022 च्या अखेरीस उभाड्याच्या कातकरी वस्तीत एका झोपडीबाहेर 10 वर्षांची मुलगी बेशुद्ध पडलेली सापडली. कुणीतरी तिला दारात सोडून गेले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला उपचार चालू असतानाच तिने प्राण सोडला. मग उलगडा झाला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे ती मेंढ्या राखायला होती. तिचा मोबदला काही हजार रुपये आणि एक मेंढी. तिच्यामागोमाग याच भागातली आणखी मुले अशीच कामावर दिलेली निघाली. वेठबिगारीविरुद्ध चार दशके लढणारी श्रमजीवी संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली, घोटी पोलिसांत गुन्हा दाखल झाला, 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागला. मेंढपाळ समाज स्वतःही उन्हातान्हात भटकणारा, कष्टाचा आहे. त्या समाजाला मी बोल लावत नाही. बोल आहे तो लेकराच्या सौद्याला.

मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ही मुलगी घरातून गेली तेव्हा ती बेपत्ता होती का?

कागदावर नव्हती. आईबापांनीच धाडलेली, म्हणून तक्रार नाही. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवा आणि अपहरण किंवा तस्करी झाली आहे असे धरूनच तपास सुरू करा. फार मोठा निकाल होता तो. त्यापाठोपाठ पोलिसांच्या ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहिमा निघाल्या. ‘ट्रॅकचाइल्ड’ आणि ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळेही सरकारने काढली. ही सगळी यंत्रणा हलते ती कुणीतरी ‘माझे मूल दिसत नाही’ असे म्हटल्यावर. उभाड्याच्या लेकराबद्दल तसे म्हणणारे कुणीच नव्हते.

खरे तर मूल दिसत नाही हे कळेल अशी एक जागा होती. शाळेचा पट.

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. दिवाळीनंतर वर्गातल्या मागच्या ओळी रिकाम्या होत जातात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला, कुणी जनावरांमागे. हजेरीत आधी ‘गै’ पडत जाते. महिना उलटला की ‘सतत गैरहजर’ असा शेरा येतो. मग एके दिवशी लाल शाईची रेघ मारून नाव पटावरून कमी होते. अशा रेघा मी स्वतः मारल्या आहेत. एका मुलीच्या नावावर रेघ मारताना तिचा धाकटा भाऊ माझ्यासमोर पहिलीच्या ओळीत बसला होता. ‘ताई कुठे गेली रे?’ एवढेही मी त्याला विचारले नाही. पट नीट ठेवला आणि मूल हरवले. ही चूक माझी आहे, आणि आज तुमच्यासमोर मी ती कबूल करतो.

आता पैशाकडे येतो. बालसंरक्षणासाठी केंद्राची मुख्य योजना म्हणजे ‘मिशन वात्सल्य’. बहुतेक राज्यांत खर्चाचा वाटा केंद्राचा 60 आणि राज्याचा 40 टक्के. 2024-25 च्या अर्थसंकल्पात तिला 1,472 कोटी रुपये होते, 2025-26 मध्ये 1,500 कोटी. आकडा मोठा वाटतो. पण 2011 च्या जनगणनेनुसार देशात 18 वर्षांखालची मुले सुमारे 47 कोटी. भागाकार केला तर एका मुलामागे वर्षाला 32 रुपयांच्या आसपास येतात. त्यातच बालगृहे, बालकल्याण समित्या, जिल्हा बालसंरक्षण कक्ष आणि 1098 ही हेल्पलाइन. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही हेल्पलाइन आता राज्य सरकारे चालवतात.

याच योजनेत ‘प्रायोजकत्व’ नावाची तरतूद आहे. मूल घरीच राहावे, शिकावे, म्हणून निराधार किंवा संकटातल्या मुलाच्या घराला महिन्याला 4,000 रुपये. ही रक्कम ठरवणाऱ्या मार्गदर्शक सूचना दिल्लीतून निघाल्या जुलै 2022 मध्ये. पुढच्याच महिन्यात उभाड्याची मुलगी दारात पडलेली सापडली. म्हणजे ज्या मुलीचे अख्खे वर्ष काही हजारांत जात होते, तशा मुलांच्या घरांसाठी सरकारने दरमहा 4,000 कागदावर मंजूर केलेले होते. पैसा होता. तो त्या झोपडीपर्यंत चालत जाईल असा माणूस नव्हता.

वेठबिगारीतून सुटका झाल्यावर मिळणारी मदतही पाहा. तातडीचे 30,000 रुपयांपर्यंत, आणि मुलांसाठी पुनर्वसनाचे 2 लाख. जिल्हाधिकाऱ्यांकडे त्यासाठी किमान 10 लाखांचा कायम निधी असावा असा नियम आहे. पण पुनर्वसनाची मुख्य रक्कम न्यायालयाच्या निकालाशी बांधलेली. खटला रेंगाळतो, तोवर घरात पुन्हा कामाची आगाऊ उचल घेण्याची वेळ येते. आपला निधी सगळा असा घडून गेल्यावर जागा होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 30 मे 2023 रोजी बिहारहून आलेल्या दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून मदरशांत शिकायला निघालेली 59 मुले तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवण्यात आली. सोबतच्या पाच शिक्षकांना अटक झाली. मुले आईबापांपासून दूर बालगृहांत राहिली. पुढे तस्करी नव्हतीच असे तपासात दिसले आणि 2024 मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद केले. उभाड्याच्या लेकराला कुणी हटकले नाही, इथे 59 जणांना चुकीने हटकले. दोन्हीकडे उणीव तीच. हे मूल कोणाचे, कुठल्या शाळेच्या पटावरचे, कुठे निघाले आहे, हे तासाभरात खात्रीने सांगणारी नोंद नव्हती. ओळख पटवणे हे कामच आहे. त्याला माणूस लागतो, फोन लागतो, पगार लागतो.

आपले गाव रेल्वेचे. मुंबईकडे जाणारी गाडी घाट उतरण्याआधी इथे थांबते, ब्रेक तपासले जातात, मगच पुढे सुटते. त्या थांब्याचा खर्च कुणी वाया गेला म्हणत नाही. मुलांसाठी असा थांबा गावात असायला हवा, आणि त्याची सोय आहेसुद्धा. प्रत्येक गावात ग्राम बालसंरक्षण समिती असावी असा शासन निर्णय 2014 चा आहे. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते पैसे कुठे जातात, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुमचा आहे.

माझी मागणी साधी आहे. त्या 10 टक्क्यांतून प्रत्येक गावात, वाडी-पाड्यावर, मुलांची एक वही ठेवा. नाव, वय, शाळा, आणि बाहेर गेले असेल तर कुठे, कोणाबरोबर, परत कधी. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे ते जाईल तिथली शाळा त्याला पटावर घेईल. वही लिहिणाऱ्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना त्याचे मानधन द्या. फुकटचे काम म्हणून आणखी एक ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. ज्या घरात उचल घेतल्याचे कळेल त्या घराचा प्रायोजकत्वाचा अर्ज समितीने स्वतः भरून जिल्हा बालसंरक्षण कक्षात पोचवावा. आईबापांना दोष देऊन भूक मिटत नाही.

15 जूनला शाळा उघडतील. गुरुजी पट वाचतील, आणि एखाद्या नावाला ‘हजर’ असे उत्तर येणार नाही. त्या दिवशी लाल पेन खाली ठेवावे आणि सूर्य मावळायच्या आत कुणीतरी त्या घरी जाऊन विचारावे, ‘लेकरू कुठे आहे?’ माझ्याकडून जे विचारायचे राहिले, ते तुम्ही विचारा.