आज लेणी बंद आहेत

(जोहान्सबर्ग इथे मराठी मंडळाच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान)



परवा रात्री मी तुमच्या शहरात उतरले. निघायच्या आधीच तुमच्या कार्यवाहांनी मला तीन गोष्टी पाठवल्या होत्या. न्यायला येणाऱ्या ताईंचा फोटो, त्यांच्या गाडीचा नंबर आणि एक ओळ: ‘दुसरं कुणी आमचं नाव सांगून आलं, तरी त्याच्याबरोबर जाऊ नका.’ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, मी बत्तीस वर्षं गाईडचं काम करते आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद हा माझा रोजचा रस्ता. एवढ्या वर्षांत किती पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं त्याची मोजदाद नाही, पण ही ओळ मी कुणाला लिहून पाठवली नव्हती. आता पाठवणार आहे.

मंडळानं मला विषय दिला तो पर्यटकाच्या सुरक्षिततेचा. तुमच्याकडे भारतातून आई-वडील, सासू-सासरे, मावश्या येतात. तुमची मुलं सुट्टीत भारतात येतात. दोन्हीकडची काळजी तुम्हालाच.

आधी एक आकडा सांगते. भारतात 2022 साली खुनाचे 28 हजार 522 गुन्हे नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेत 2022-23 या वर्षात 27 हजार 494 खून झाले. आकडे जवळपास सारखे आहेत, पण आपण एकशे चाळीस कोटी आणि हा देश सहा कोटींचा. तुमच्या घराभोवतीच्या विजेच्या तारा, फाटकावरची पाटी, गाडीच्या वर चढवलेल्या काचा, या सगळ्याचं कारण त्या आकड्यात आहे, आणि ते तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. मात्र तो आकडा देशभर सारखा पसरलेला नसतो. काही वस्त्यांच्या वाट्याला तो फार येतो आणि तिथे राहणारी गरीब माणसं तो सोसतात. माझ्या पाहुण्यांचं बत्तीस वर्षांत जे काही गेलं, ते बहुतेक वेळा कुणी चाकू दाखवून नेलं नाही. ते गोड बोलण्यात गेलं. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्या बाबतीत तुमचं शहर आणि माझं शहर यांत फार फरक नाही.

मी जपानी भाषेत गाईडचं काम करते. अजिंठ्याला जपानी लोक श्रद्धेनं येतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी एकटी आली, पंचविशीतली, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं, उजाडायच्या आत. मी तिच्या नावाची पाटी धरून स्टेशनच्या मुख्य दारापाशी उभी होते आणि ती दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली. तिकडे एक गृहस्थ तिला भेटले. जपानीत नमस्कार केला, पाठीवरची बॅग जड आहे का विचारलं, आणि म्हणाले, “आज लेणी बंद आहेत.”

त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. तिनं पुस्तकात सोमवारचं वाचलेलं होतं, त्यामुळे तिला ते पटलं. आम्ही ठरवलं होतं सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. त्या माणसानं अर्ध्या खऱ्यावर अर्धं खोटं चढवलं. सगळंच खोटं सांगितलं असतं तर तिनं मान हलवली असती आणि पुढे गेली असती.

अकराच्या सुमारास ती मला सापडली, एका दुकानात, गादीवर बसलेली, समोर चार शाली. हिमरू म्हणून विकलेल्या. हिमरू आमच्या शहराचं विणकाम, सुती ताण्यावर रेशमाची नक्षी. खऱ्या हिमरूची मागची बाजू उलटून पाहिली की रेशमाचे सुटे धागे दिसतात. मी शाल उलटली. मागून ती पुढच्यासारखीच गुळगुळीत होती, यंत्रावरची. पैशांचं दुःख तिला नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, “पण तो माणूस फार चांगला होता. त्यानं मला चहा पाजला.” ती अशा देशातून आली होती, जिथे खुर्चीवर पर्स ठेवून माणसं काउंटरवर जातात आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसतात. विश्वास ठेवणं ही तिची सवय होती. ती चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

गोड बोलून फसवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकात, 1666-67च्या सुमारास, सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याला गेला. वेरूळच्या लेण्यांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. दिल्ली-आग्र्याच्या वाटेवर गळ्यात फास टाकून लुटणाऱ्यांबद्दलही त्यानं लिहिलं आहे. ते एक देखणी बाई रस्त्याच्या कडेला रडत बसवत. एकटा घोडेस्वार दिसला की ती आपलं दुःख सांगे, त्याच्याच वाटेनं जायचंय म्हणे, आणि त्यानं दया येऊन घोड्यावर मागे घेतलं की फास पडे. पुढे एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या बोलीचा कोश केला, तो 1836 साली कलकत्त्याला छापला. त्यात ‘सोठा’ असा एक शब्द आहे. सोठा म्हणजे टोळीतला गोडबोल्या. तो धर्मशाळेत, नाक्यावर प्रवाशांना गाठायचा आणि म्हणायचा, पुढचा रस्ता वाईट आहे, एकटे जाऊ नका, आमच्याबरोबर चला. ठगांबद्दल इंग्रजांनी जे लिहिलं त्यात किती खरं आणि किती फुगवलेलं, यावर आजच्या इतिहासकारांत वाद आहेत, आणि ते वाद रास्त आहेत. पण सोठ्याला मी ओळखते. तो मला माझ्याच घरी भेटला.

माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. सकाळी दहा वाजता औरंगपुऱ्यातून भाजी घेऊन घरी येत होती. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवरून दोघं उतरले. एकानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. “मावशी, आम्ही पोलीस. मागच्या चौकात एका बाईला मारून दागिने नेलेत. साहेबांनी चेकिंग लावलंय. एवढं सोनं अंगावर घालून कशा हिंडता?” तेवढ्यात एक तिसरा माणूस तिथून चालला होता, त्यालाही त्यांनी अडवलं. त्यानं मुकाट्यानं गळ्यातली चेन आणि अंगठी काढली, त्यांनी ती कागदात बांधून त्याच्या हातात दिली. तो निघून गेला. तो त्यांचाच होता. आईनं पाटल्या काढल्या, मोहनमाळ काढली. त्यांनी पुडी बांधली, भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली स्वतःच ठेवली आणि बजावलं, “घरी गेल्याशिवाय उघडू नका. लवकर जा.” घरी पुडी सोडली तर आत दोन खडे आणि काचेच्या बांगड्या.

‘पोलीस असल्याची बतावणी करून’ हे शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत इतके नेहमीचे झालेत की आपण ती बातमी वाचतही नाही. तुमच्याकडे निळा दिवा लावून गाडी अडवणारे तोतये असतात, हे मला ताईंनी विमानतळावरून येताना सांगितलं. म्हणजे तीच गोष्ट. संकटाची वार्ता घेऊन येणारा आणि त्यातून सोडवणारा माणूस एकच असतो.

त्या जपानी मुलीला मी नंतर एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगते. अनोळखी गावात मदत मागायला आपण जातो, तेव्हा शंभर माणसांतून एकाला आपण निवडतो. दुकानात बसलेली बाई, तिकीट खिडकीवरचा माणूस, शाळेतून मुलाला आणायला आलेले आजोबा. त्या शंभरांत वाईट माणूस एखादा, तोच आपल्या वाट्याला येण्याची शक्यता फार थोडी. पण जो आपणहून चालत येतो, त्यानं शंभरांतून आपल्याला निवडलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर चांगली माणसंही आपणहून येतात. पत्ता विचारला तर दारापर्यंत सोडतात, सामान उचलतात. खरं आहे, मी स्वतः तशीच आहे. म्हणून मी पाहुण्यांना त्यांच्याशी तुटकपणे वागा असं सांगत नाही. मी सांगते, त्यांच्याकडे वेळ मागा. ‘दोन मिनिटं थांबा, मी घरी एक फोन करते.’ चांगला माणूस थांबतो, उलट तोच नंबर लावून देतो. दुसऱ्याला ती दोन मिनिटं परवडत नाहीत. आईला ते तीनदा ‘लवकर’ म्हणाले होते.

आणि थांबायला जागा लागते. आमच्या शहरात पाणचक्की आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सहलीत पाहिली असेल. मागे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा. बुखाऱ्याच्या बाजूचे हे सूफी, नावातच मुसाफिर. कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरातून पाणी मातीच्या नळांतून आणलं, ते भिंतीत उंच चढवलं, आणि त्याच्या धारेवर जातं फिरायचं. त्यावर दळलेलं पीठ तिथे येणाऱ्या फकिरांच्या, यात्रेकरूंच्या, वाटसरूंच्या जेवणासाठी. मी पाहुण्यांना तिथे हौदाच्या काठावर मुद्दाम बसवते. प्रवाशाला कुणी घाई करणार नाही अशी जागा उभी करणं हे त्या काळी पुण्याचं काम समजत. हल्ली ती जागा म्हणजे हॉटेलचं काउंटर, पेट्रोल पंप, पोलीस ठाणं. निळा दिवा मागे लागला तर वेग कमी करायचा, गाडीचे चारी दिवे लुकलुकते ठेवायचे, हातानं खूण करायची आणि उजेडाच्या, माणसांच्या जागी जाऊनच थांबायचं, हे ताईंचं सांगणं मला म्हणूनच लगेच पटलं.

ताईंनी मला आणखी एक शिकवलं. रोबॉटपाशी, तुम्ही सिग्नलला रोबॉट म्हणता ते मला फार आवडलं, त्या पुढच्या गाडीला चिकटल्या नाहीत. म्हणाल्या, “पुढच्या गाडीची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ते दिसलं पाहिजे. तेवढी जागा असली की वळवून निघता येतं.” माझी पर्स त्यांनी आधीच डिकीत ठेवायला लावली होती.

भारतातून येणाऱ्यांना एवढंच कळवा: सोनं घरी ठेवा. सोन्याच्या मंगळसूत्राऐवजी साधी काळी पोत घालून या. यावरून घराघरांत वाद होतात, मला माहीत आहे. सासूबाईंना वाईट वाटेल, तरी सांगा. आणि तुमची मुलं आमच्याकडे येतील तेव्हा त्यांना लेण्यांचे सुट्टीचे वार पाठ करून पाठवा. हॉटेलात विदेशी पासपोर्ट मागतात तो परदेशी पाहुण्याची नोंद कळवण्यासाठी, ती कळवणं हॉटेलला बंधनकारक आहे. प्रत आपल्यासमोर काढू द्यावी आणि मूळ पासपोर्ट लगेच हातात घ्यावा. पर्यटकांसाठी 1363 हा नंबर आहे, तिथे हिंदी, इंग्रजी आणि जपानीसकट दहा परदेशी भाषांत बोलतात. 112 तर मोबाइलवरून दोन्ही देशांत चालतो. चोरी मनमाडला झाली आणि कळलं संभाजीनगरला, तरी तक्रार जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणून. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांच्या कागदावाचून वकिलातीत पुढचं काही हलत नाही, म्हणून आधी तो कागद.

पण तक्रार द्यायला माणूस जातच नाही, हे माझं खरं दुखणं आहे. आईनं दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. आणि मी, रोज परक्या माणसांना धीर देणारी, तिला म्हणाले, “अगं, तुला कळलं कसं नाही?” ती काही बोलली नाही. वर्षभर ती एकटी बाजारात गेली नाही. दागिने त्या दोघांनी नेले, पण तिचं बाहेर जाणं माझ्या त्या वाक्यानं गेलं, असं मला वाटतं.

दागिने मिळाले नाहीत. वर्षानंतर एकदा तिच्या भजनी मंडळात बायका कुणाच्या तरी हरवलेल्या चेनबद्दल बोलत होत्या, आणि आईनं आपली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. कार्ड, तिसरा माणूस, मेथीची जुडी, सगळं. ऐकणाऱ्यांत आणखी तिघी निघाल्या, ज्यांचं तसंच गेलं होतं आणि ज्यांनी घरातही सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच मंडळातल्या एक आजी दुपारी देवळातून येत होत्या. मोटारसायकल थांबली, कार्ड निघालं, “मावशी, आम्ही पोलीस.” आजी शेजारच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “थांबा हं जरा. माझ्या मुलाला बोलावते, तो काढून देईल पाटल्या.” दुकानदारानं फोन पुढे केला. त्या दोघांनी गाडी वळवली आणि निघून गेले.