गिअर उघडे की डब्यातले?



माजी विद्यार्थी निधीतून शाळेला दोन इलेक्ट्रिक सायकली द्यायचं आपण ठरवलं आहे. शाळेत येणं बंद केलेल्या मुलांच्या घरी, वाड्यांवर जाणाऱ्या बाई-सरांसाठी. ग्रुपवर सायकलींचे फोटो आले आणि प्रत्येक फोटोखाली एकच कौतुक होतं, "सात गिअर आहेत!" मी नोकरीने सॉफ्टवेअरवाली असले तरी पदवी मेकॅनिकलची आहे, म्हणून समितीने मला बोलायला उभं केलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्या भिवपुरीला सात उघड्या गिअरपेक्षा तीन झाकलेले गिअर बरे.

मुळात गिअर कशाला हवेत? आपलं पॉवर हाऊस आठवा. 1922 पासून ठोकरवाडी धरणाचं पाणी डोंगरावरून पाईपातून खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. विजेची मागणी वाढली म्हणून टर्बाइन जास्त जोरात फिरवत नाहीत. त्याचा वेग ठरलेला असतो, पाणी कमी-जास्त सोडतात. आपल्या पायांचंही तसंच आहे. मिनिटाला साधारण साठ-सत्तर फेरे पाय खुशीने मारतात. चढ आला की फेरे मंदावतात आणि गुडघे बोलू लागतात. चढ असो की सपाटी, पायांचा वेग सारखा ठेवणं हे गिअरचं काम.

हे काम दोन प्रकारे होतं. पहिला प्रकार डिरेलरचा. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्या असतात आणि एक लोंबता हात चेनला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलतो. रचना हलकी, स्वस्त आणि स्वच्छ असताना फार कार्यक्षम. शर्यतीच्या सायकलींना तोच लागतो. पण चेन आडवी सरकायला मोकळी हवी, म्हणून तिला पूर्ण चेनकव्हर घालता येत नाही. तो हात जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या उंचीवर काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. लाल चिखल, गवत आणि भाताच्या खाचरातून रस्त्यावर आलेलं पाणी. सायकल त्या बाजूला पडली की हात वाकतो आणि गिअर आपल्या मर्जीने उड्या मारू लागतात. शिवाय गिअर बदलायला पायडल फिरतं असावं लागतं. रेल्वे फाटकापाशी अचानक थांबलात तर जड गिअर तसाच राहतो. बॅटरी-मोटरचं वजन धरून वीस किलोच्या पुढे गेलेली सायकल मग जड गिअरवरच हलवावी लागते.

दुसरा प्रकार चाकाच्या मधल्या डब्यातला, म्हणजे हब गिअर. हा काही नवा शोध नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तीन गिअरचा हब विकायला काढला. त्यांचा 1936 सालचा नमुना थोड्याफार फरकाने आजही बनतो. आत मध्यभागी एक स्थिर दातेरी चाक असतं, तो सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह. सगळ्यांभोवती आतल्या बाजूने दाते असलेलं कडं. चेनची ताकद ग्रहांकडून कड्याला दिली की चाक पायांच्या बाजूच्या चकतीपेक्षा जोरात फिरतं, कड्याकडून ग्रहांना दिली की हळू. चकतीच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फिरतं, एक फिरतं किंवा एक आणि एक तृतीयांश. हे सगळं वंगणात, बंद डब्यात. चेन एकाच रेषेत राहते, म्हणून आपल्या आजोबांच्या सायकलीसारखं तिला पूर्ण चेनकव्हर घालता येतं. सायकल उभी असतानाही गिअर बदलतो.

कुणी म्हणेल, तीनच? तर तिथेच मोटर मदतीला येते. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, तशी. 37 मीटर गेल्यावर एक मीटर चढणारा आपला बोरघाट 1863 मध्ये सुरू झाला आणि बँकरच्या जोरावर चालत आला आहे. मागून ढकलणारं कुणी असलं की पुढच्याला बारीक बारीक पायऱ्यांचे गिअर लागत नाहीत.

आता खरी अडचण. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या मधोमध असते, म्हणजे नेमकी गिअरच्या डब्याच्या जागी. तिथे दोघांना जागा नाही. म्हणून त्या सायकलींना डिरेलर येतो, किंवा गिअरच नसतो. हब गिअर हवा तर मोटर पुढच्या चाकात हवी, नाहीतर पायडलपाशी. पायडलपाशी असली तर मोटरची आणि पायांची, दोन्ही ताकद चेनमधून त्याच डब्यात जाते. म्हणून तो डबा तेवढा जोर सोसणारा आहे का, हे कंपनीच्या कागदावर वाचूनच घ्यायचं. शिमानोने खास ई-सायकलींसाठी पाच गिअरचा नेक्सस हब काढला तो याच कारणाने. जर्मनीच्या पिनियनने तर 2023 मध्ये मोटर आणि गिअर एकाच डब्यात घातले. ते आपल्या निधीच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण वारा कुठे वाहतो ते कळतं.

हब गिअरचे दोषही सांगते, नाहीतर सर म्हणतील, एकच बाजू मांडलीस. तो जड असतो. घर्षणात थोडी ताकद जास्त खातो. मागचं चाक पंक्चर झालं तर गिअरची केबल सोडवून चाक काढावं लागतं. आणि आतलं काही बिघडलं तर इथल्या सायकलच्या दुकानात ते उघडणारा माणूस आज सापडणं कठीण.

म्हणून माझी सूचना अशी. एक सायकल पायडलपाशी मोटर आणि मागे हब गिअर असलेली घेऊ. ती निधीत बसली नाही, तर पुढच्या चाकात मोटर आणि मागे तीन गिअरचा हब. तेही जमलं नाही, तर मागच्या चाकात मोटर, गिअर नाही आणि पूर्ण चेनकव्हर. सपाटीवरच्या वाड्यांना ती पुरेल. तिन्हींत मोटर 250 वॅटच्या आतली आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आतला, म्हणजे नोंदणीची भानगड नाही. दुसरी सायकल एक पावसाळा गेल्यावर, पहिलीचा अनुभव पाहून घेऊ. वाचलेल्या पैशातून शाळेजवळच्या दुकानदाराला आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या दोन मुलांना हब उघडून-जोडायला शिकवू. दुरुस्ती गावात झाली नाही, तर चांगली सायकलही शाळेच्या जिन्याखालीच राहते.

शाळा सोडून विटभट्टीवर गेलेल्या मुलीच्या घरी बाई जुलैमध्ये पोचल्या तर ती मुलगी परत येण्याची आशा असते. दिवाळीनंतर पोचून उपयोग नाही. सायकल निवडताना एवढाच प्रश्न विचारू या : ही जुलैमध्ये चालेल का?