पोत्यातली हळद आणि पोत्यावरचा कायदा



नामदेव महाराजांच्या नरसीच्या आणि औंढ्याच्या नागनाथाच्या या हिंगोली जिल्ह्यात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने चार शब्द बोलावेत आणि माईक मोकळा करावा, अशी रीत आहे. ती मी पुरती पाळीन असं नाही, कारण विषय आमच्या पोटाचा आहे.

‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापनावर राजकीय आणि कायदेशीर परिस्थितीचा परिणाम’ हे परिषदेचं पत्रिकेवरचं नाव वाचून आमच्या मोंढ्यातले काहीजण बिचकले. मी आडतीच्या गादीवर बसणारा माणूस. मुलांची पाठ्यपुस्तकं चाळली तेव्हा राजकारणाचा एक धडा आणि कायद्याचा एक धडा, दोन्ही पुस्तकाच्या मागच्या भागात दिसले. आधी उत्पादन, मग विक्री, मग पैसा, आणि सगळं झाल्यावर कायदा. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. परदेशात जाणाऱ्या मालाचा कायदा वावरातच सुरू होतो, आणि बंदरावर पोचेपर्यंत त्याची आठवण न झालेल्याचा माल परत येतो. आज मला एवढंच सांगायचं आहे.

तसा परराज्याशी व्यापार या मातीला नवा नाही. १९४८ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे, उमरखेड-पुसदला, वऱ्हाड. म्हणजे १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल. नदी ओलांडली की हुकूम बदलायचा, कचेरीची भाषा बदलायची, नाणंसुद्धा बदलायचं. आमच्या घरच्या जुन्या रोजकीर्दीत ‘हाली’ (निजामाचा रुपया) आणि ‘कलदार’ (इंग्रजांचा रुपया) असे दोन वेगळे रकाने आहेत. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. माल पलीकडे न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर थांबायचं, जकात भरायची, पावती कनवटीला लावायची. मग भारत सरकारने हैदराबाद संस्थानाची आर्थिक कोंडी केली, स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. आज आपण ज्याला निर्बंध, चलनाची जोखीम, सत्तांतर म्हणतो, ते सारं आमच्या आजोबांनी बैलगाडीच्या अंतरावर पाहिलं होतं. त्यांनी त्यावर परिषद भरवली नाही. वहीत दोन रकाने पाडले. व्यवस्थापन म्हणून मला तेही काही कमी वाटत नाही.

आता आजच्या मालाकडे येतो. जगातल्या हळदीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतात पिकते आणि जागतिक व्यापारात आपला वाटा बासष्ट टक्क्यांच्या वर आहे. २०२३-२४ मध्ये देशातून १ लाख ६२ हजार टन हळद आणि हळदीचे पदार्थ बाहेर गेले. किंमत २२ कोटी ६५ लाख डॉलर. बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, अमेरिका, मलेशिया, मोरोक्को ही मोठी गिऱ्हाइकं. या हळदीत वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि हिंगोली या आमच्या पाचही तालुक्यांचा घाम आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात बीट पाहायला उभे राहा. खरेदीदार पोत्यात परखी खुपसतो, तळहातावर चार हळकुंडं घेतो आणि त्यातलं एक कटकन मोडतो. आवाजावरून ओल कळते, मोडलेल्या तोंडावरून रंग कळतो. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. अर्ध्या मिनिटात भाव ठरतो. इतकी पारखी नजर आणि कान असलेली माणसं जगात थोडी असतील, हे मी अभिमानाने सांगतो.

पण त्या नजरेला न दिसणाऱ्या गोष्टींवरच आता परदेशी भाव ठरतो. युरोपीय संघात हळदीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, एका किलोत जास्तीत जास्त १० मायक्रोग्रॅम चालतं. त्यातल्या बी-१ प्रकाराला मर्यादा फक्त ५ मायक्रोग्रॅमची. हळकुंड मोडून ते ऐकू येत नाही. ते येतं कुठून? उकडलेली हळद मातीवर वाळत घातली, रात्री दव पडलं, ताडपत्री टाकायला उशीर झाला, तिथून. म्हणजे ब्रुसेल्समध्ये लिहिलेला नियम आमच्या खळ्यावरच्या ताडपत्रीशी बांधलेला आहे.

दुसरं उदाहरण याहून चमत्कारिक आहे. मसाल्यातले जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू वापरतात. अमेरिकेचा कायदा मसाल्यात त्याचा अंश दहा लाखांत सात भागांपर्यंत चालवून घेतो. युरोपात मर्यादा आहे किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेचा सत्तरावा हिस्सा. पोतं तेच, हळद तीच. न्यूयॉर्कला ती शुद्ध आणि हॅम्बुर्गला ती जप्त. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने दोन नामांकित भारतीय मसाला कंपन्यांचा माल याच कारणाने अडवला, तेव्हा मसाला बोर्डाला त्या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची करावी लागली. खरं-खोटं कुणाचं, या वादात मी पडत नाही. निर्यातदाराने आधी देश ठरवावा, मग प्रक्रिया ठरवावी. आपण वर्षानुवर्षं आधी माल तयार करतो आणि मग देश शोधतो.

कायदा कडक झाला की व्यापार मरतो, असं आमच्यातले बरेचजण म्हणतात. बांगलादेशाचं पाहा. तिथे हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळला जाई. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केलं, सरकारने घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केलं. बाजारातल्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्के भेसळीचे निघाले होते. २०२१ मध्ये एकही निघाला नाही. हळदीचा व्यापार मेला का? नाही. अस्सल रंगाची हळद विकणाऱ्याला उलट बळ मिळालं. पॉलिशच्या ड्रममध्ये रंग टाकायचा मोह होणाऱ्यांनी, आपल्याकडचे असोत की बाहेरचे, हे ध्यानात ठेवावं.

कायदा आपल्या बाजूनेही लढतो, पण त्याला कागद लागतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याबद्दल पेटंट दिलं. आपल्याकडे लेकराच्या फुटलेल्या गुडघ्यावर आजी जे लावते, त्याचं पेटंट! संताप सगळ्यांनाच आला. पण सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे आपले मराठी शास्त्रज्ञ, संतापून थांबले नाहीत. त्यांच्या संस्थेने अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयात अर्ज केला आणि जुने ग्रंथ व शोधनिबंध मिळून ३२ संदर्भ पुढे ठेवले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मोर्चा काढून ते झालं नसतं. त्यांच्या कायद्यात, त्यांच्या रीतीने, त्यांना मान्य होईल असा पुरावा दिला, म्हणून झालं.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण फटाके वाजवले. योग्यच होतं. पण ते मानांकन भारतीय कायद्याखालचं आहे, त्याची हद्द देशाच्या सीमेपर्यंत. दुबईत किंवा रॉटरडॅममध्ये कुणी भलत्याच मालावर ‘वसमत’ छापलं तर इथलं प्रमाणपत्र तिथे आपोआप चालत नाही. दार्जिलिंगच्या चहाने युरोपात वेगळी नोंदणी करून घेतली, ती २०११ मध्ये. आपली तयारी कुठे आहे, हे उत्पादक संघांनी आणि इथे बसलेल्या प्राध्यापकांनी मिळून पाहावं.

राजकारणाचं म्हणाल तर गेल्या दोन-तीन वर्षांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यात सत्ता उलथली आणि पेट्रापोलच्या भारत-बांगलादेश सीमेवर काही दिवस गाड्या खोळंबल्या. त्याआधी २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. युरोपकडे जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालू लागला, दोन आठवड्यांचा प्रवास वाढला, भाडं वाढलं. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा कर लावला आणि नोव्हेंबरमध्ये मसाल्याच्या अनेक पदार्थांना त्यातून वगळलं, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला किराणा महाग पडू लागला होता. तिथेही मतदार असतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो. परदेशी सरकारांपेक्षा घरच्या धोरणाने शेतकऱ्याला जास्त हेलकावे दिले. आमचा जिल्हा हळदीइतकाच सोयाबीनचा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाला; मे २०२५ च्या अखेरीस तो साडेसोळावर आला. पेरणी तोंडावर असताना! कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ राहिली. तेवढ्या काळात परदेशी गिऱ्हाइकाने दुसरं दुकान शोधलं. गिऱ्हाईक तोडायला एक अधिसूचना पुरते, जोडायला दहा हंगाम लागतात. आणि हळदीचं आमचं स्वतःचं प्रकरण ऐका. हळद उकडली, वाळवली, पॉलिश केली की ती शेतमाल उरत नाही, असा निर्णय जीएसटीच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. म्हणजे आडतीवर कर! कच्चं ओलं हळकुंड बाजारात आणून कोण विकतो, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं. पुढे अपिलात तो निर्णय फिरला, पण तोवर मोंढ्यामोंढ्यांतून जी धाकधूक होती ती आम्हीच जाणतो.

यावर उपाय काय, हे तज्ज्ञ सांगतील. मी माझ्या गादीवरून दिसतं तेवढं बोलतो. लहान निर्यातदार करार वाचत नाही; समोरच्याने पाठवलेल्या कागदावर सही करतो. भांडण कुठल्या देशात, कुठल्या कायद्याने, कुणापुढे सुटणार, हे त्यात बारीक अक्षरात असतं. लवादाचं कलम असेल तर १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा आधार मिळतो. भारत त्यात १९६० पासून आहे. निर्यात पतहमीसाठी ईसीजीसी १९५७ पासून मुंबईत आहे. गिऱ्हाईक बुडालं तर तिचा आधार आहेच, पण युद्ध झालं, तिकडच्या सरकारने पैसे बाहेर पाठवायला बंदी केली, अशा जोखमीही ती उचलते. आमच्या बाजारात किती जणांना हे ठाऊक आहे? अमिरातीशी १ मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे (योगायोग असा की १ मे हा आमच्या जिल्ह्याचाही वाढदिवस, १९९९ चा), पण त्याची सवलत उगमाचा दाखला नीट भरणाऱ्यालाच मिळते.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. वसमतसाठी बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, त्याचं मुख्यालय शेजारच्या निजामाबादला. मंडळ तिकडे गेल्याची खंत आमच्या काही मित्रांना आहे. मला ती फारशी नाही. निजामाबाद आमच्या व्यापाऱ्यांना परकं कधीच नव्हतं. मला हवी आहे ती परदेशात मान्य होणारी तपासणी, इथे, हंगामात, परवडणाऱ्या दरात.

प्राध्यापक मंडळींना हात जोडून एक मागणं आहे. दोन दिवसांत इथे बरेच निबंध वाचले जातील, इतिवृत्त छापलं जाईल. त्यासोबत एक गोष्ट इथे ठेवून जा: परदेशी विक्रीच्या कराराचा एक साधा मराठी नमुना. लवादाचं कलम, मालाच्या तपासणीचं कलम, कायदा मध्येच बदलला तर तोटा कुणी सोसायचा याचं कलम, सगळं आमच्या भाषेत. हिंगोलीच्या मुनीमाला वाचता यावं आणि वसमतच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्षाला सही करण्यापूर्वी कळावं, एवढंच. छपाईचा खर्च स्वागत समिती करेल, हे मी इथे जाहीर करतो.

राहण्या-जेवण्यात काही कमी पडलं तर मनात ठेवू नका, समितीच्या कुणालाही हक्काने सांगा.