डेम्लो संख्या



शिरूरला रेल्वे नाही, म्हणून आपण दौंडला जाऊन गाडीची वाट पाहायचो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना मात्र मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनवर संख्या सुचल्या!

नऊ वेळा एक लिहून वर्ग करा : १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ नेच निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिलं. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.

हीच संख्या एक्सेलमध्ये टाका. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटच्या दोनांची शून्यं होतात. वहीत एकही अंक हरवत नाही.

म्हणून सर, बाई, हातचे धरून गुणाकार करून घेणं सोडू नका. यंत्र कुठे चुकलं, हे आम्हाला त्यामुळेच कळतं.